आत्याचं न सांगितलेलं जेवण

माझी आत्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे दुरुस्त करते. दुकानाच्या मागच्या बाजूला, वाफेच्या मोठ्या इस्त्रीच्या पलीकडे, खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन आहे. नवे कपडे ती शिवत नाही. कुणाची कंबर सैल कर, कुणाच्या बाह्या आखूड कर, कुणाच्या पँटला नवी चेन लाव, अशी तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक कपडा घेऊन आरशासमोर उभं राहिलं की ती हाताची घडी घालून म्हणते, "आता सांगा, शिवण कुठे घातली?" बहुतेकांना सांगता येत नाही. मग ती जे हसते, ते हसू सगळ्या दुकानाला पाठ आहे.

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझे बाबा आणि काका हे तिचे दोन धाकटे भाऊ, आई तिची भावजय, आणि मी एकुलती एक भाची. तिचा गोतावळा म्हणाल तर एवढाच. म्हणून वर्षाच्या मोठ्या सुट्टीत आम्ही सगळे एकत्र जेवतो, ते जेवण तिच्या लेखी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो. सायीत भाजलेले बटाटे, मटणाचा रस्सा, पाव, सफरचंदाचा केक, वर कस्टर्ड. पदार्थ आजीच्या वेळेपासूनचे, आणि हात अर्थातच आत्याचा.

काही वर्षांपूर्वी तिच्या रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी गोळ्या लिहून देईन. आत्याला गोळ्यांचा तिटकारा. कपडा उसवायला घ्यावा तसा तिने स्वयंपाक हाती घेतला. काय काढलं तर कळणार नाही, कशाच्या जागी काय बसतं, हे ती रोज रात्री वहीत लिहून ठेवायची. दोन वर्षांत बारा किलो उतरली. गुडघा दुखायचा थांबला. आणि मग, खरं सांगायचं तर, ती नाकाने कांदे सोलायला लागली. आमच्या घरी आली की फ्रिज उघडून बघायची. लोण्याचा डबा दिसला की "अरे देवा" म्हणायची. बाबांच्या ताटाकडे बघून सुस्कारा टाकायची. बाबांना अकरा वर्षं मधुमेह, जेवणाआधी आईकडून पोटात इन्शुलिनची सुई घेतात. "सुई टोचून घेतोस, पण जिभेला लगाम घालत नाहीस," असं त्यांना चारचौघांत ऐकवायची.

मग एका वर्षी सुट्टीच्या जेवणाला तिने सगळे पदार्थ हलके करून आणले आणि वाढायच्या आधी प्रत्येकावर भाषण केलं. यात साय नाही, त्यात साखर नाही, हे तळलेलं नाही. काकांनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर? दिवसातून किती वेळा?"

सगळे हसले. मीही हसले. बाबांना तर ठसका लागला. मग आईने फ्रिजमधून आदल्या दिवशीचा रस्सा काढून गरम केला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. आत्याची भांडी जशीच्या तशी भरलेली परत गेली. जाताना ती भांडी पिशवीत भरत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, जड नाहीत." भांडी जड होती. मला दिसत होतं.

पुढच्या वर्षी तिने जाहीर केलं, जेवण माझ्याकडे. आणि काकांना फोनवर म्हणाली, "घाबरू नकोस. पूर्वीसारखं करणार आहे सगळं. हरले मी."

ती हरली नव्हती. हे पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, खाली मान घालून, एकेक करून. मटण तिने आदल्या दिवशी शिजवून रात्रभर थंड केलं, सकाळी वर जमलेली चरबीची पांढरी चकती अख्खी उचलून टाकली आणि रस्सा भाजलेल्या कांद्याने दाट केला. बटाट्यात निम्म्याहून जास्त फुलकोबी वाटून मिसळली, सायीऐवजी घट्ट दही घातलं, वरून थोडंसं चीज किसून लालसर भाजलं, म्हणजे वास खराखुरा यावा. केकमध्ये मैदा निम्मा, बाकी बदामाची पूड. आणि साखरेच्या जागी साखरेसारखी दिसणारी ती पांढरी पूड, जी गोड लागते पण अंगी लागत नाही. कस्टर्डमध्येही तीच. लिंबाच्या सरबतातही तीच. सुट्टीच्या आधीचे चार रविवार तिने हे सगळं करून, चाखून, पुन्हा करून बघितलं होतं.

बेत असा होता की सगळे खाऊन तृप्त झाले, काकांनी ढेकर दिला, की मग ती हाताची घडी घालून उभी राहणार आणि विचारणार, "आता सांगा." पुढचं वाक्यही तिने ठरवून ठेवलं होतं. ते मात्र तिने मला कधी सांगितलं नाही.

आम्ही दुपारी बाराला पोचलो. तिच्या दोन खोल्यांत टेबल बसत नाही म्हणून तिने कपडे कापायचा लांब फळा दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला होता, वर पांढरी चादर. वास असा येत होता की काका दारातूनच म्हणाले, "आली! आपली ताई परत आली!"

बाबांनी फळ्यावरचा तो सगळा थाट बघितला आणि आईकडे हात पुढे केला. इन्शुलिन आईच्या पर्समध्ये असतं. रक्त तपासायचं मशीन मात्र घरी फ्रिजवर राहिलं होतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, पण बाबा म्हणाले होते, मरू दे, एक दिवसाने काय होतंय.

"आज दुप्पट लागणार," बाबा इन्शुलिनच्या पेनवरचा आकडा फिरवत म्हणाले. "ताईचा केक आहे. परत सरबत, परत बटाटे."

"जरा जपून," आई म्हणाली.

"अगं, वर्षातून एकदा."

आत्या तेव्हा पाव कापत होती. तिने ऐकलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण साखर कमी करायची सुई आहे, कमी झाली तर चांगलंच की, असं तिला वाटलं. सुई आणि जेवण यांचा हिशोब जुळावा लागतो हे तिला माहीत नव्हतं. मला ती म्हणाली, "माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगते. पण विचारावंसं वाटलं होतं. विचारलं असतं तर फोडावं लागलं असतं ना सगळं."

जेवण रंगलं. रंगलं म्हणजे काय, काकांनी बटाटे तीनदा घेतले. "हेच ते," ते म्हणाले. "याला म्हणतात बटाटे. नाहीतर मागच्या वर्षी दुधाची तहान ताकावर भागवली होतीस आमची." आईने मटणाची कृती विचारली. आत्या म्हणाली, "काही नाही गं, नेहमीचंच." बाबांनी केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले, वर कस्टर्ड, आणि म्हणाले, "आईची आठवण झाली." आत्याचा चेहरा असा फुलला होता की मी तिला म्हटलं, आज तू वीस वर्षांनी लहान दिसतेस. ती कॉफी झाल्यावर सांगणार होती. कॉफी कुणालाच नको होती, सगळे सुस्तावले होते, म्हणून तिने अजून थोडं थांबायचं ठरवलं.

दीडेक तासाने बाबा सोफ्यावर सावरून बसले. "हात थरथरतायत गं," ते आईला म्हणाले. "उतरली की काय साखर?"

"एवढं खाऊन?"

"तरी घेतो जरा." त्यांनी स्वतः उठून सरबताचा ग्लास भरून घेतला, मग दुसरा. त्यांना अकरा वर्षांत सवय झाली होती, असं झालं की काहीतरी गोड घ्यायचं आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. दहा मिनिटं झाली. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. काकांनी काहीतरी विनोद केला तर त्यांच्यावर एकदम खेकसले, आणि बाबा कधी खेकसत नाहीत. मग बोलताना शब्द अडखळायला लागले. मला त्यांनी आईच्या नावाने हाक मारली.

आई घाबरली. "दोन ग्लास सरबत प्यायलेत. उतरलेली असती तर एव्हाना बरं वाटलं असतं. चढलीय साखर, नक्की चढलीय. केवढं खाल्लंय!"

"झोपू दे त्याला," काका म्हणाले. "अंगावर आलंय जेवण."

आत्या दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. ती वळून स्वयंपाकघरात गेली.

मी बाबांसाठी पाणी आणायला तिच्या मागोमाग गेले. ती वरच्या फळीवरचे डबे खाली काढत होती. एक उघडला, झाकला. दुसरा उघडला.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"आत्या, बाबांना बघ ना तू. मला काहीतरी वेगळंच वाटतंय."

"येते. तू हो पुढे."

ती साखर शोधत होती. खरी साखर. एक चमचा मिळाली असती तर सरबतात ढवळून, "घे रे, अजून एक ग्लास घे," म्हणून तिने दिली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. पण त्या घरात साखरच नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनेच काढून टाकली होती. मध नाही, जॅम नाही, लिमलेटच्या गोळ्या तर नाहीतच. हे तिला माहीत होतं. तरी ती डबे उघडत राहिली.

बाहेरून आईचा आवाज आला. "चार युनिट अजून देते. चढली तर द्यायची असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय."

हे आत्याने ऐकलं. मीही ऐकलं. आणि आत्याने अजून एक डबा उघडला.

तो शेवटचा डबा मी विसरू शकत नाही. त्यात मीठ होतं. ती त्या मिठाकडे बघत राहिली. घड्याळ लावलं असतं तर सगळं मिळून एक मिनिट भरलं असतं, जास्त नाही. पण बाहेर आई सुईचं टोपण काढत होती आणि इथे आत्या मिठाची गुळणी धरून उभी होती, आणि मला नीट काही कळत नसूनही एवढं कळत होतं की हिला काहीतरी माहीत आहे.

मग ती एकदम धावली. तिने आईचा हात मनगटाला धरला.

"देऊ नकोस."

"का?"

"साखर नाहीये."

"कुठे नाहीये?"

"कशातच नाहीये." तिचा आवाज चिरकला. "केकमध्ये नाही. कस्टर्डमध्ये नाही. सरबतातही नाही. बटाटे पण बटाटे नाहीत. त्याला साखर दे, लवकर साखर दे, माझ्याकडे नाहीये गं!"

आईला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. काकांना लागला. ते अनवाणीच जिना उतरून खालच्या शेजाऱ्यांकडे गेले आणि त्यांची साखरेची अख्खी बरणी घेऊन आले. आम्ही पाण्यात साखर कालवून बाबांना घोटघोट पाजली. अर्धं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. आई एकीकडे रडत होती आणि एकीकडे "गिळा, गिळा" म्हणत होती. आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं, आणि मला वाटतं तेच तिला सोसवत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी बाबांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "माझा शर्ट का ओला?"

तरीही दवाखान्यात नेलंच. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोटातून रक्त घेतलं, मशीनकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "दुपारी काय काय खाल्लं होतं?"

आईने आत्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

आत्याला सांगावं लागलं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. बटाटे किती, फुलकोबी किती. मैदा किती. साखर? नाही. कस्टर्डमध्ये? नाही. सरबतात? त्यातही नाही. वर्षभर जे ऐटीत सांगायचं म्हणून ठेवलं होतं, ते ती पोलिसांसमोर जबाब द्यावा तसं सांगत होती, पदराला हात पुसत, घाम नसताना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा तिचा चेहरा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. "जेवण तर उत्तम होतं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या पेशंटना असंच करायला सांगते. फक्त सुई घेणाऱ्याला आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. आई उठून बाहेर निघून गेली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर आत्याला सुटल्यासारखं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला फोन केला आणि म्हणाले, "ताई, मशीन घरी विसरलो ती चूक माझी. आणि मटण फर्मास झालं होतं." तिने फोन ठेवून दिला. मग दोन महिने ती आमच्याकडे फिरकली नाही. मी दुकानात गेले तर मशीनवरून मान वर न करता बोलायची. गिऱ्हाइकाला "शिवण कुठे घातली?" विचारायचंही तिने सोडलं होतं. इस्त्रीवाल्या बाई माझ्या कानात कुजबुजल्या, "काय झालंय हिला? डब्यात नुसता कोरडा पाव आणते."

एका संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी तिने मला थांबवलं. "तू होतीस ना स्वयंपाकघरात?"

"होते."

"तू कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही सांगितलंस?"

आदल्या वर्षीच्या जेवणाला मी हसले होते, हेच एक डोक्यात होतं, पण ते काही उत्तर नव्हे.

"चार युनिट म्हटलेलं मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "कळलं नव्हतं असं नाही. सुई जाणार हे कळलं होतं, आणि तरी मला वाटत होतं, अजून एखादा डबा बघू. भाऊ बाहेर घामाने भिजलाय आणि मी माझी अब्रू शोधतेय डब्यात." तिने दोऱ्याचं रीळ हातात घेतलं, उगीचच गुंडाळलं, परत ठेवलं. "तुझ्या आईला हे माहीत नाही. तिला वाटतं, मी ऐकलं तशी धावले."

पुढच्या रविवारी ती आली. आई भाजी चिरत होती. आत्या दारातच उभी राहिली, चप्पल न काढता, आणि तिने सगळं सांगितलं. डब्यांचं, मिठाचं, ऐकू आल्याचं. मी बाजूला उभी होते. माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिला विचार."

आईने चिरलेली भाजी ताटात सारली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला ठाऊक आहे का, मी रोज त्यांना जेवणाआधी सुई देताना माझा हात थांबतो? आधी कधी थांबत नव्हता. माझ्या हाताने गेले असते ते. तुमच्या नाही. माझ्या."

"हो," आत्या म्हणाली.

"मला तुमचा राग जात नाही अजून."

"नको जाऊ देऊस."

आईने सुरी ठेवली. मला वाटलं, आता ती हिला जायला सांगणार. पण ती म्हणाली, "चप्पल काढा. आणि ते बटाटे कसे करता ते दाखवा. त्यांनाही तेच हवेत, रोज विचारतात. पण यात काय पडतंय ते मला दिसलं पाहिजे. एक चिमूट जरी असलं तरी."

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दोघी जवळजवळ न बोलता काम करत होत्या. आत्या प्रत्येक वस्तू घालायच्या आधी आईसमोर धरायची, आई मान हलवायची. फुलकोबी वजन करून घेतली. बाबा आत डोकावले, वास घेतला आणि शहाण्यासारखे परत गेले. जेवताना आईने आधी आकडा लावला, मग सुई दिली. तिचा हात थांबला, ते मलाही दिसलं. आत्याने डोळे मिटून घेतले.

आता मोठ्या सुट्टीचं जेवण पुन्हा आत्याच करते, आमच्याकडे. वाढायच्या आधी ती उभी राहून कशात काय आहे ते सांगते. पूर्वीच्या भाषणासारखं नाही. यादी वाचावी तशी, घाईघाईने, कान लाल करून. काकाही गप्प ऐकतात. त्यांनी एकदा मला विचारलं होतं, मागे तिची चेष्टा केली नसती तर हे झालं नसतं, नाही का? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

पदार्थ छान होतात. बाबांची साखर गेल्या सहा वर्षांत नव्हती इतकी आटोक्यात आहे, आणि डॉक्टर आत्याचं कौतुक करतात. ते कौतुक कुणी तिच्यापर्यंत पोचवलं की ती भांडी घासायला उठते. जेवणानंतर दोन तास तिला बसवत नाही. सिंकपाशी उभी राहून धुतलेलंच ताट पुन्हा धुते आणि दारातून बाबांच्या हातांकडे बघत राहते.